विद्युत रोध व विद्युत शक्ती यांच्या गणनेचा इतिहास : शोध, मान्यता आणि एकक (१८००–१८८९)

१. प्रास्ताविक

एखाद्या उपकरणाला २३० व्होल्ट दाबाने वीज पुरवली असता त्यातून ५ अँपिअर प्रवाह जात असेल, तर त्या उपकरणाचा रोध किती आणि ते किती शक्ती वापरते, हा प्रश्न आज माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही सोडवतो. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो : ४६ ओहम. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते : १,१५० वॅट. एक भागाकार आणि एक गुणाकार एवढ्यावर हे उदाहरण संपते. ओहमचा नियम आणि ज्यूलचा नियम या नावांनी ही सूत्रे पाठ्यपुस्तकांत येतात, आणि ती कोणा दोन व्यक्तींना एके दिवशी सुचली असावीत, असा समज नकळत दृढ होतो.

प्रत्यक्षात, ज्या १८२७ या वर्षी ओहमचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्या वर्षी व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट यांपैकी एकही एकक अस्तित्वात नव्हते. दाब आणि प्रवाह या दोन राशींचा परस्परांशी संख्यात्मक संबंध असू शकतो, हेही बहुतेक अभ्यासकांना मान्य नव्हते. वरील उदाहरण मांडता येण्यासाठी प्रयोग, सिद्धांत, व्यापारी गरज आणि आंतरराष्ट्रीय करार अशा चार वेगवेगळ्या गोष्टी जुळून याव्या लागल्या, आणि त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लागला. वैज्ञानिक नियमाची सिद्धता आणि त्याची मान्यता या दोन स्वतंत्र ऐतिहासिक घटना असतात. विजेच्या बाबतीत मान्यता आली ती प्रामुख्याने मोजमापाच्या सामाजिक गरजेतून आणि सर्वमान्य एककाच्या निर्मितीतून, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

२. मापनापूर्वीची वीज

विद्युत रोधाची कल्पना ओहमपूर्वीही एका शास्त्रज्ञाच्या मनात आली होती. इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मिठाच्या द्रावणाने भरलेल्या काचनळ्यांमधून लायडन भांड्यांतील वीज सोडून निरनिराळ्या द्रावणांच्या वहनक्षमतेची तुलना केली. प्रवाह मोजण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. कॅव्हेंडिशने स्वतःच्या शरीराचाच मापक म्हणून उपयोग केला. दोन नळ्यांमधून बसणारे धक्के सारखेच तीव्र वाटेपर्यंत तो द्रावणाची लांबी बदलत असे. या पद्धतीने तो ओहमच्या नियमाच्या अगदी जवळ पोहोचला होता. परंतु त्याने हे काम प्रसिद्ध केले नाही. १८१० मध्ये त्याचे निधन झाले आणि त्याच्या विद्युतविषयक टिपणांचे संपादन करून जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने ती १८७९ मध्ये प्रकाशित केली. तोपर्यंत ओहमचा नियम सर्वमान्य झालेला होता. केवळ सत्य गवसणे पुरेसे नसते, ते इतरांना पडताळून पाहता आले पाहिजे, याचे हे बोलके उदाहरण होय.

अलेस्सांद्रो व्होल्टा याने १८०० मध्ये आपल्या विद्युतघटमालेची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली आणि अखंड वाहणारा विद्युत प्रवाह प्रथमच अभ्यासकांच्या हाती आला. तथापि तो मोजण्याचे साधन मिळण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली. १८२० मध्ये हान्स क्रिस्तियन ओर्स्टेड याने प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची विचलित होते असे दाखवले. त्याच वर्षी योहान श्वाइगर याने तारेचे अनेक वेढे देऊन हा परिणाम वाढवण्याची युक्ती काढली, आणि आंद्रे मारी अँपिअर याने विद्युत ताण व विद्युत प्रवाह या दोन कल्पनांमध्ये स्पष्ट भेद केला. हा भेद महत्त्वाचा होता. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, परिपथ उघडा असताना ताण असतो आणि तो जोडला की प्रवाह असतो, म्हणजे एक असताना दुसरा नसतो, असा समज अनेकांच्या मनात रूढ झाला. जेथे दोन राशी एकत्र नांदतच नाहीत, तेथे त्यांच्या भागाकाराचा प्रश्नच उद्भवत नाही.

१८२१ मध्ये हम्फ्री डेव्ही याने धातूच्या तारेची वहनक्षमता तिची लांबी व जाडी यांवर अवलंबून असते आणि तापमान वाढल्यास ती कमी होते, असे दाखवले. १८२५ मध्ये पीटर बार्लो याने लांब तारांवरील प्रयोगांतून असे अनुमान काढले की, तारेच्या वाढत्या लांबीबरोबर विजेचा परिणाम इतका झपाट्याने घटतो की, विजेच्या साहाय्याने दूरवर संदेश पाठवणे व्यवहार्य ठरणार नाही. बार्लोची निरीक्षणे चुकीची नव्हती. परंतु घटमाला, तार आणि मापक ही मिळून एक साखळी आहे आणि प्रवाहाचे मूल्य या संपूर्ण साखळीवर ठरते, ही दृष्टी त्याच्यापाशी नव्हती. ती दृष्टी त्याच सुमारास कोलोन येथील एका शाळाशिक्षकाला प्राप्त होत होती.

३. ओहमचे प्रयोग : १८२५ ते १८२७

जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. त्याचे वडील कुलुपे बनवणारे कारागीर होते. औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी स्वाध्यायाने गणित आत्मसात केले होते आणि आपल्या दोन्ही मुलांना ते स्वतः शिकवले. ओहमने १८११ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, तरी विद्यापीठातील स्थिर पद त्याला मिळाले नाही. १८१७ मध्ये तो कोलोनच्या जेझुइट माध्यमिक विद्यालयात गणित व भौतिकी शिकवू लागला. त्या विद्यालयाची प्रयोगशाळा चांगली होती. उपकरणे स्वतःच्या हातांनी घडवण्याचे कसब ओहमला घरातूनच मिळाले होते.

१८२५ मधील पहिल्या लेखात ओहमने वेगवेगळ्या लांबीच्या तारा वापरून चुंबकसूचीवरील परिणाम किती घटतो हे मोजले आणि त्यासाठी एक लघुगणकीय सूत्र मांडले. हे सूत्र पुढे टिकले नाही. त्याचे मुख्य कारण विजेच्या स्रोतात होते. तत्कालीन घटमालेचा दाब परिपथ जोडताच घसरू लागे आणि मोजणी चालू असतानाच बदलत राही. स्रोत स्थिर नसेल, तर तारेमुळे झालेली घट कोणती आणि स्रोतामुळे झालेली कोणती, हे वेगळे काढणे अशक्य होते.

येथे संपादक योहान ख्रिस्तियन पोगेनडॉर्फ याच्या सूचनेचा उपयोग झाला. थोमास झेबेक याने काही वर्षांपूर्वीच असे दाखवले होते की, दोन भिन्न धातूंचे सांधे भिन्न तापमानाला ठेवल्यास परिपथात वीज निर्माण होते. घटमालेऐवजी हा स्रोत वापरावा, असे पोगेनडॉर्फने सुचवले. १८२६ च्या प्रयोगांत ओहमने बिस्मथ व तांबे यांची जोडणी केली. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळत आहे व बर्फ वितळत आहे तोवर दोन्ही तापमाने बदलत नाहीत, त्यामुळे दाबही स्थिर राहतो. प्रवाह मोजण्यासाठी त्याने तारेच्या पिळावर टांगलेल्या चुंबकसूचीचे साधन बनवले. सूची मूळ जागी आणण्यासाठी किती पीळ द्यावा लागतो, यावरून प्रवाहाचे मूल्य मिळे.

सारख्याच जाडीच्या, परंतु २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकामागून एक परिपथात जोडल्या. मिळालेली निरीक्षणे एका साध्या सूत्रात बसली : प्रवाहाचे मूल्य हे एका स्थिर संख्येला, तारेची लांबी अधिक दुसरी स्थिर संख्या यांच्या बेरजेने भागल्यास मिळते. एका निरीक्षणमालेसाठी पहिली संख्या ७,२८५ आणि दुसरी २०.२५ अशी होती. २ इंच तारेसाठी सूत्रानुसार सुमारे ३२७.४ हे मूल्य येते. प्रत्यक्ष वाचन ३२६.७५ होते. ३४ इंच तारेसाठी सूत्र १३४.३ देते, वाचन १३४.५ होते. १३० इंच तारेसाठी सूत्र आणि वाचन या दोन्हींनी ४८.५ हेच मूल्य दिले.

या दोन स्थिर संख्यांच्या अर्थातच ओहमच्या शोधाचे मर्म आहे. सांध्यांच्या तापमानांतील फरक कमी केल्यावर पहिली संख्या घटली, दुसरी मात्र तीच राहिली. याचा अर्थ, पहिली संख्या स्रोताच्या दाबाची निदर्शक होती आणि दुसरी परिपथातील तारेखेरीज उरलेल्या भागांच्या रोधाची. २०.२५ म्हणजे परिपथाचा उर्वरित भाग सव्वावीस इंच तारेइतका अडथळा करत होता. बार्लोने ज्याचा विचार केला नव्हता ते हेच होते. येथे रोध ही राशी प्रथमच नेमक्या संख्येने व्यक्त झाली, आणि ती तारेच्या लांबीच्या स्वरूपात व्यक्त झाली, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८२७ मध्ये बर्लिन येथे ओहमचा 'गॅल्व्हानी परिपथाचे गणिती विवेचन' अशा अर्थाच्या जर्मन शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने आपल्या नियमाला सैद्धांतिक बैठक दिली. जोझेफ फूरिए याने १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचा गणिती सिद्धांत मांडला होता. तापमानातील फरकामुळे जशी उष्णता वाहते, तशीच विद्युत अवस्थेतील फरकामुळे वीज वाहते, हे साम्य ओहमने आधारभूत मानले.

४. उपेक्षेची कथा आणि वस्तुस्थिती

ओहमच्या चरित्राचा हा भाग लोकप्रिय लेखनात बहुधा एका शोकांतिकेच्या रूपात सांगितला जातो : थोर शोध, अडाणी विरोधक, गमावलेली नोकरी आणि उशिरा मिळालेला न्याय. या चित्रात तथ्य आहे. पण ते अपुरे आहे.

ग्रंथलेखनासाठी ओहम अर्ध्या वेतनाच्या रजेवर बर्लिनला आला होता. या ग्रंथामुळे विद्यापीठातील पद मिळेल, ही त्याची अपेक्षा फोल ठरली आणि १८२८ मध्ये त्याने कोलोनच्या पदाचा राजीनामा दिला. त्यानंतरची काही वर्षे त्याने बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर काढली. १८३३ मध्ये त्याला न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत पद मिळाले. बर्लिनमधील गेओर्ग फ्रीडरिख पोल याने ग्रंथावर कठोर टीका केली होती. निसर्गाचे तत्त्व हे अंतर्दृष्टीने समग्रपणे जाणावयाचे असते, अशी त्या काळच्या जर्मन तत्त्वचिंतनातील एका प्रवाहाची धारणा होती, आणि मोजणी व समीकरणे यांवर उभारलेली मांडणी त्या धारणेला वरवरची वाटत होती.

तथापि ओहम सर्वस्वी एकाकी नव्हता. पोगेनडॉर्फ आणि श्वाइगर या संपादकांनी त्याचे लेख छापले होते. लाइपझिग येथील गुस्टाव्ह फेख्नर याने विस्तृत प्रयोग करून १८३१ मध्ये ओहमच्या नियमाला पुष्टी दिली. फ्रान्समध्ये क्लोद पुये हा १८३७ मध्ये त्याच निष्कर्षाला पोहोचला. म्हणजे नियम तपासला गेला होता आणि तो खरा ठरला होता. तरीही तो शास्त्रज्ञांच्या नित्य वापरात आला नाही. याची कारणे वैयक्तिक वैरापेक्षा अधिक खोल होती. विजेचे बहुतेक अभ्यासक रसायन व निरीक्षण यांच्या परंपरेतील होते; आंशिक अवकल समीकरणांची भाषा त्यांना परकी होती. ताण व प्रवाह यांना परस्परविरोधी अवस्था मानण्याची सवय अद्याप मोडली नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोधाची गणना करून कोणाचे काही अडलेले काम पुढे सरकेल, अशी परिस्थितीच नव्हती.

५. ज्यूल : उष्णता आणि प्रवाहाचा वर्ग

शक्तीच्या गणनेचा मार्ग वेगळ्या ठिकाणाहून सुरू झाला. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा मँचेस्टरजवळील सॅलफर्ड येथील मद्यनिर्मिती व्यवसायातील घराण्यात १८१८ मध्ये जन्मला. विजेवर चालणारे यंत्र वाफेच्या यंत्राहून स्वस्त पडेल का, या हिशेबी जिज्ञासेने तो विजेकडे वळला. घटातील जस्त खर्ची पडते; त्या बदल्यात काम किती मिळते आणि उष्णता म्हणून वाया किती जाते, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते.

त्याने तारेचे वेटोळे पाण्यात बुडवले, त्यातून ठरावीक वेळ प्रवाह सोडला आणि पाण्याचे तापमान किती वाढते हे मोजले. डिसेंबर १८४० मध्ये त्याने आपला निष्कर्ष रॉयल सोसायटीला सादर केला : तारेत निर्माण होणारी उष्णता ही तारेचा रोध आणि प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. सोसायटीने त्याचा केवळ सारांश छापला. संपूर्ण लेख १८४१ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझीन' मध्ये आला. रशियात एमिल लेंझ यानेही काटेकोर प्रयोगांनी हाच नियम १८४३ पर्यंत स्वतंत्रपणे प्रस्थापित केला.

प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे ज्यूलच्या निष्कर्षाचे सार आहे. ओहमच्या नियमाशी त्याची सांगड घातली की आजचे सूत्र मिळते. शक्ती = प्रवाह × प्रवाह × रोध; आणि प्रवाह × रोध म्हणजेच दाब; म्हणून शक्ती = दाब × प्रवाह. प्रास्ताविकातील उदाहरण या रीतीने पडताळता येते : ५ चा वर्ग २५, त्याला ४६ ने गुणल्यास १,१५० च येतात. दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, वेगवेगळ्या हेतूंनी मिळालेले निष्कर्ष एकमेकांशी इतके चपखल जुळतात, हा ओहमच्या नियमाच्या बाजूने एक भक्कम पुरावा होता.

ओहमच्या सैद्धांतिक मांडणीतील एक उणीव मात्र शिल्लक होती. त्याने ज्या 'विद्युतदर्शी बला'चा फरक गृहीत धरला होता, त्याचा स्थिर विजेच्या सिद्धांताशी मेळ बसत नव्हता. गुस्टाव्ह किर्खहोफ याने १८४९ मध्ये ही राशी म्हणजे स्थिर विजेतील विभव होय असे दाखवले आणि दोन्ही शाखा जोडल्या. दाब हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो, तो अर्थ येथे निश्चित झाला.

६. तारायंत्र आणि मोजमापाची गरज

१८४१ मध्ये रॉयल सोसायटीने ओहमला कोप्ले पदक दिले. त्याच वर्षी त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. हा सन्मान इंग्लंडमध्ये आणि नेमका याच सुमारास मिळावा, हा योगायोग नव्हे. विल्यम कुक आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३७ मध्ये तारायंत्राचे एकस्व घेतले होते आणि लांब तारांमधून वीज पाठवणे ही आता व्यवसायाची बाब झाली होती. बार्लोने जे अव्यवहार्य ठरवले होते, ते किती घट, किती तार आणि किती वेढ्यांचे चुंबक वापरल्यास साधेल, याचे उत्तर ओहमच्या सूत्रात होते. १८४३ मध्ये व्हीटस्टनने रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात ओहमच्या सिद्धांताचे महत्त्व विशद केले. सॅम्युअल हंटर क्रिस्टी याने १८३३ मध्ये वर्णिलेली रोधांच्या तुलनेची जोडणीही त्याने त्याच वेळी लोकांपुढे आणली. ती आज व्हीटस्टनच्याच नावाने ओळखली जाते.

समुद्री केबलींनी ही गरज तीव्र केली. १८५१ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांना जोडणारी केबल यशस्वी झाली. परंतु १८५८ मध्ये अटलांटिक महासागरातून टाकलेली केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. प्रचंड भांडवल समुद्रतळाशी गेले. चौकशीतून मोजमापातील ढिलाई उघड झाली. वेगवेगळ्या कारखान्यांतील तांब्याची वहनक्षमता मोठ्या प्रमाणात भिन्न असते, हे विल्यम थॉमसन याने १८५७ मध्येच दाखवले होते; पण एकसारखे तांबे मागवण्यासाठी रोधाची अट करारात घालावी लागते, आणि ती घालण्यासाठी रोधाचे एकक लागते.

बिघाड शोधण्याची पद्धतही रोधावरच आधारलेली होती. दर मैलास ४ एकके रोध असलेली केबल कोठेतरी तुटून तिची तार समुद्राच्या पाण्याला टेकली, आणि किनाऱ्यावरील केंद्रातून मोजलेला रोध १,२०० एकके भरला, तर बिघाड ३०० मैलांवर आहे असे अनुमान निघते. बिघाडाच्या जागेचा स्वतःचा रोध लक्षात घेऊन प्रत्यक्षात अनेक दुरुस्त्या कराव्या लागत. पण तत्त्व हेच होते. ओहमने इंच तारेत मोजलेला रोध येथे उलट दिशेने वापरला गेला : रोधावरून लांबी काढली गेली. दुरुस्तीचे जहाज कोठे पाठवावयाचे, हे एका भागाकारावर ठरू लागले. १८७० मध्ये मुंबई, एडन आणि सुएझ यांना जोडणारी केबल टाकली गेली आणि मुंबई बंदर या जागतिक जाळ्यात आले, तोवर अशा चाचण्या केबल व्यवसायाचा नित्याचा भाग झाल्या होत्या.

७. एककाचा प्रश्न

मोजमाप सार्वत्रिक होताच, कशाच्या तुलनेत मोजावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. व्हीटस्टनने शंभर ग्रेन वजनाची एक फूट तांब्याची तार हे एकक सुचवले होते. मोरिट्झ याकोबी याने १८४८ मध्ये एक विशिष्ट तार प्रमाण मानून तिच्या प्रती इतर शास्त्रज्ञांकडे पाठवल्या. वेर्नर सीमेन्स याने १८६० मध्ये एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाचा, शून्य अंश सेल्सिअस तापमानाचा पाऱ्याचा स्तंभ पुरस्कृत केला. विल्हेल्म वेबर याने १८५१ मध्ये सर्वस्वी निराळा मार्ग दाखवला : कोणत्याही विशिष्ट पदार्थावर अवलंबून न राहता, लांबी, वस्तुमान व काळ यांच्या मूलभूत एककांवरून रोधाचे एकक सिद्ध करता येते.

१८६१ मध्ये मँचेस्टर येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोन केबल-अभियंत्यांनी एककांना शास्त्रज्ञांची नावे देण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात ओहमचे नाव रोधाला नव्हे, तर विद्युत ताणाला दिले होते. थॉमसनच्या पुढाकाराने त्याच वर्षी रोधाच्या प्रमाण एककासाठी समिती नेमली गेली. पुढे मॅक्सवेलही तिचा सदस्य झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मॅक्सवेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फिरत्या वेटोळ्याच्या साहाय्याने वेबरच्या पद्धतीने रोध निश्चित केला, आणि १८६५ मध्ये प्रमाण वेटोळी वितरित झाली. हे एकक खऱ्या मूल्यापेक्षा सुमारे १.३ टक्के लहान असल्याचे पुढे केंब्रिज येथे लॉर्ड रॅले याच्या मापनांत आढळले.

१८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ओहम, व्होल्ट, अँपिअर, कुलोम आणि फॅरड ही एकके स्वीकारली. ब्रिटिश आणि जर्मन पद्धतींमध्ये येथे तडजोड झाली : व्याख्या निरपेक्ष पद्धतीची, पण प्रत्यक्ष प्रमाण पाऱ्याच्या स्तंभाचे. शक्तीसाठी वॅट हे एकक विल्यम सीमेन्स याने १८८२ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात सुचवले; १८८९ च्या पॅरिस परिषदेने वॅट आणि ज्यूल ही एकके मान्य केली. एक व्होल्ट गुणिले एक अँपिअर म्हणजे एक वॅट, हे समीकरण कोणत्याही रूपांतर-गुणकाशिवाय लिहिता येते, ही सोय या एककरचनेची फलश्रुती आहे. प्रास्ताविकातील उदाहरण त्याच्या आजच्या रूपात प्रथम १८८९ नंतरच सर्वत्र सारखे समजले जाऊ शकले.

८. शक्तीची गणना आणि विद्युत पुरवठा

सूत्रांचे आर्थिक सामर्थ्य विद्युत दिव्यांच्या काळात प्रत्ययास आले. १८७९ च्या सुमारास थॉमस एडिसन आणि गणितज्ञ फ्रान्सिस अप्टन यांच्यापुढील मुख्य अडचण तांब्याच्या खर्चाची होती. समजा, एका दिव्याला १०० वॅट शक्ती द्यावयाची आहे आणि पुरवठ्याच्या तारांचा रोध ०.१ ओहम आहे. दिव्याचा रोध १ ओहम असेल, तर त्याला १० व्होल्ट दाबाने १० अँपिअर प्रवाह लागेल आणि तारांत १० वॅट शक्ती वाया जाईल. दिव्याचा रोध १०० ओहम केल्यास १०० व्होल्ट दाबाने केवळ १ अँपिअर प्रवाह पुरेल आणि तारांतील व्यय ०.१ वॅट, म्हणजे शंभरावा हिस्सा होईल. एडिसनने जास्त रोधाच्या बारीक तंतूचा आग्रह धरला तो या कारणाने. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील वीजकेंद्र सुरू झाले, ते याच हिशेबाच्या आधारे.

महाराष्ट्रातील विद्युतीकरणाचा पायाही याच सूत्रावर आधारलेला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळा परिसरात अडवलेले पाणी खोपोली येथे खाली आणून टाटा जलविद्युत कंपनीने १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीजपुरवठा सुरू केला. सुमारे ७० किलोमीटर अंतरावर ही वीज १ लाख व्होल्ट दाबाने वाहून नेली जात असे. तीच शक्ती १० हजार व्होल्टने पाठवली असती, तर प्रवाह दहापट आणि त्याच तारांतील उष्णतेचा व्यय शंभरपट झाला असता. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या बाबतीत गणनेत आणखी काही घटक येतात. परंतु उच्च दाबाची निवड ज्यूलच्या वर्गाच्या नियमावरच अवलंबून असते.

९. नियमाच्या मर्यादा

ओहमचा नियम हा गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखा सार्वत्रिक नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. स्थिर तापमानाला धातूंसारख्या वाहकांच्या बाबतीत तो अत्यंत अचूक ठरतो. २३० व्होल्ट, १०० वॅटच्या तंतुदिव्याचा पेटलेल्या अवस्थेतील रोध सुमारे ५२९ ओहम असतो, तर थंड अवस्थेत तो त्याच्या एक-दशांशाहूनही कमी भरतो. डेव्हीने १८२१ मध्ये नोंदवलेला तापमानाचा परिणाम तो हाच. अर्धवाहक डायोडमध्ये दाब व प्रवाह यांचे गुणोत्तर स्थिर राहतच नाही. दाबाला प्रवाहाने भागून मिळणारी संख्या प्रत्येक वेळी काढता येते; ती स्थिर राहते हा मात्र प्रयोगाने सिद्ध करावयाचा भाग आहे. अध्यापनात अनेकदा व्याख्या आणि नियम यांतील हा भेद पुसला जातो.

एककाचा इतिहासही १८८९ मध्ये थांबला नाही. क्लाउस फॉन क्लिट्झिंग याने १९८० मध्ये दाखवलेल्या पुंज हॉल परिणामात रोध निसर्गातील स्थिरांकांवरून ठरतो. त्याचे मूल्य सुमारे २५,८१२.८०७ ओहम आहे. २० मे २०१९ पासून प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांची मूल्ये निश्चित धरून सर्व विद्युत एकके सिद्ध केली जातात. कोणत्याही विशिष्ट पदार्थावर अवलंबून नसलेले एकक हवे, हा वेबरचा आग्रह त्यामुळे पूर्णत्वास गेला.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

अ) ओहमच्या नियमाची प्रायोगिक सिद्धता १८२६ मध्ये झाली आणि १८३१ पर्यंत तिला स्वतंत्र पुष्टीही मिळाली. त्यापुढील विलंबाचे स्पष्टीकरण पुराव्याच्या अभावाने किंवा केवळ व्यक्तिगत विरोधाने देता येत नाही.

आ) नियमाला व्यापक मान्यता मिळाली ती तारायंत्र आणि समुद्री केबल यांनी रोधाचे मापन ही नित्याची गरज बनवल्यानंतर. कॅव्हेंडिशचे अप्रकाशित कार्य आणि ओहमचे प्रकाशित कार्य यांच्या भवितव्यांतील फरक येथेच दिसतो. ओहमचे काम पडताळण्याजोगे होते आणि गरज उत्पन्न झाली तेव्हा ते उपलब्ध होते.

इ) रोध व शक्ती यांची गणना सुलभ झाली ती एककांच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे. भौतिकीतील सूत्र हे निसर्गाचे वर्णन असते. त्याचबरोबर ते माणसांनी परस्परांत केलेल्या सहमतीचेही फलित असते.

म्युनिक विद्यापीठातील प्रायोगिक भौतिकीचे प्राध्यापकपद ओहमला १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. ६ जुलै १८५४ रोजी त्याचे निधन झाले. त्याचे नाव एककाला दिले गेलेले पाहण्यास तो हयात नव्हता. ज्या शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने आठ तारा मोजल्या, तेथे त्याचे काम गणित आणि भौतिकी शिकवण्याचे होते. संशोधनासाठी वेळ मिळावा म्हणून त्याला निम्म्या वेतनावर पाणी सोडावे लागले. अध्यापनाचा भार सांभाळून संशोधन करणाऱ्या महाविद्यालयीन शिक्षकांना या इतिहासात परिचयाचे असे बरेच काही आढळेल. विज्ञानाच्या वर्गात ओहमचा नियम शिकवताना सूत्राबरोबर १८२६ ची ती निरीक्षणेही फळ्यावर मांडली गेली, तर रोध ही राशी आयती मिळालेली नसून परिश्रमपूर्वक घडवलेली आहे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. शिवाय हे आकडे इतके साधे आहेत की, त्यांची पडताळणी विद्यार्थी स्वतः वहीत करू शकतात.